टाकाऊतून टिकाऊ, पण सगळंच नाही

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' हा उपक्रम आपण सगळेच घेतो. घरातल्या रिकाम्या बाटल्या, डबे आणा म्हटलं की मुलं उत्साहाने आणतात. पण पिशवीतून काय काय निघतं ते एकदा नीट बघा. फिनेलची बाटली, रंगाचा डबा, जुने सेल, आणि शेतीचं गाव असेल तर फवारणीच्या औषधाचा डबासुद्धा! आई सांगते, "बाई, स्वच्छ धुऊन दिलाय." पण वास गेला म्हणजे औषध गेलं असं होत नाही. फवारणीचा रिकामा डबा तीन वेळा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे तो पुन्हा कुणी वापरणार नाही. त्याची कुंडी किंवा पेनस्टँड करायचा नाही. सुंदर झाला तरी नाही.

आपण मुलांना ओला आणि सुका कचरा छान शिकवतो. हिरवा डबा, निळा डबा, पोरांना तोंडपाठ आहे. मात्र 2016 च्या घनकचरा नियमांत तिसरा प्रकारही होता: घरगुती घातक कचरा. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, सेल, सुया हे सगळं त्यात येतं. हा प्रश्न आपण पेपरात क्वचितच विचारतो. घरात लहान मूल असेल तर खरा धोका याच कचऱ्याचा आहे.

बटणासारखा चपटा सेलच घ्या. दिवे लागणाऱ्या खेळण्यांत, छोट्या रिमोटमध्ये तो असतो. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. उलटी काढत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. संपलेल्या सेललाही दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवा, कारण 'संपलेला' म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

सीएफएल फुटला तर त्यातला पारा हवेत जातो. आधी मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा. झाडू मारू नका. तुकडे पुठ्ठ्याने गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा.

दिवाळीच्या साफसफाईत उरलंसुरलं सगळं एकाच मोरीत ओतायची सवय तर फारच वाईट. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. आणि ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! तहानलेलं पोर बाटली बघतं, वास घेत नाही.

आता हे सगळं टाकायचं कुठे? 2016 च्या त्या नियमांनी असा कचरा जमा करण्याच्या केंद्रांची जबाबदारी टाकली ती मुख्यतः शहरांवर. फवारणीचे डबे निघतात खेड्यात, ही गंमतच म्हणायची. तोवर झाकणाचा एक डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवा. जाळू नका, विहिरीजवळ पुरू नका. स्वच्छता मोहिमेत हा कचरा मुलांकडून उचलून घेणं मला अजिबात पटत नाही, ते मोठ्यांचं काम आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे, तिथून तो ग्रामसभेत नेता येईल. तुमच्या गावात घंटागाडी हा कचरा वेगळा घेत असेल, तर ते कसं जमवलं हे जरूर कळवा.