रोपांचे उष्टावण

बाळाचे उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमारास करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यापूर्वी घास भरविण्याची घाई कोणी करीत नाही. रोपांच्या बाबतीत मात्र हा विवेक अनेकदा सुटतो. हिरवा कोंब दिसला, की खताची पिशवी उघडली जाते.

वस्तुतः निसर्गाने प्रत्येक बीजाबरोबर त्याची शिदोरी दिलेली असते. वाटाण्याच्या दोन दलांत किंवा भाताच्या दाण्यातील पिठूळ भागात ती साठविलेली असते. भाताचे रोप साधारण तिसरे पान येईपर्यंत मुख्यतः तिच्यावरच वाढते. टोमॅटो, वांगी, मिरची यांची प्रथम उमलणारी दोन पाने ही बीजपत्रे होत. त्यानंतर खऱ्या पानांची पहिली जोडी पूर्ण उलगडली, म्हणजे रोप बाहेरचे अन्न घेण्यास सिद्ध झाले असे समजावे.

त्याआधी दिलेले खत केवळ वाया जात नाही, अपायही करते. रासायनिक खत म्हणजे क्षार. मुळांभोवती क्षार वाढले, की मुळांना पाणी शोषणे कठीण होते आणि ओल्या मातीतही रोप कोमेजते. 'अति तेथे माती' म्हणतात ते येथे अक्षरशः खरे ठरते.

अर्थात, सर्वांना एकच नियम लावता येत नाही. कुजलेले शेणखत घातलेल्या गादीवाफ्यातील रोपांना प्रारंभी वेगळे खत सहसा लागत नाही. नारळाच्या भुशात पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. म्हणून तेथे खरी पाने येताच अतिशय सौम्य मात्रेने आरंभ करणे आवश्यक ठरते.

जबलपूर जिल्ह्यातील शहापुरा व पाटण भागांतील वाटाणा प्रसिद्ध आहे. हे पीक थेट शेतात पेरले जाते. स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही, म्हणून ते पेरणीच्या वेळीच देणे योग्य. नत्राची मात्र अल्प मात्रा पुरते. कारण मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. युरिया अधिक पडला, तर या गाठीच कमी धरतात. म्हणजे पैसे मोजून फुकटचे नत्र गमवायचे! याच शहरात १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ कार्यरत आहे. शेजाऱ्याची पिशवी पाहून मात्रा ठरविण्यापेक्षा माती परीक्षण आणि तज्ज्ञांचा सल्ला केव्हाही श्रेयस्कर.

या प्रश्नाचा बँकेशी संबंध काय, असे कोणी विचारील. १९९८ मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेत पीककर्जाची मर्यादा मंजूर होते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच पडते. मर्यादा मिळाली म्हणून पहिल्याच दिवशी सारी रक्कम खतात घालण्याचे कारण नाही. छोट्या शेतकऱ्याची रोपवाटिका करपली, तर बियाणे जाते, लावणीचा हंगाम टळतो आणि परतफेडीची तारीख मात्र जागच्या जागी राहते.

वेळेवर कर्ज देणे हे बँकेचे कर्तव्य आहेच. परंतु वेळ ओळखून ते खर्च करण्याचे शहाणपणही तितकेच मोलाचे आहे. ती वेळ पंचांगात सापडत नाही. रोपाच्या पानावर दिसते. खातेदार आणि अधिकारी दोघांनीही ती वाचावयास शिकावे, यातच शेतीचे आणि कर्जाचेही हित सामावलेले आहे.