फडणिशीची पदवी

बारावीचा निकाल लागला की आमच्या दिवाणखान्यात पेढ्यांचे पुडे आणि पालकांचे पेच एकाच दिवशी दाखल होतात. उभी हयात इतरांच्या चोपड्या तपासण्यात घालविलेल्या माणसाला मुलांच्या भवितव्याचाही ताळा पाहता येत असावा, असा आप्तेष्टांचा एक निरुपद्रवी समज आहे. गेल्या रविवारी माझी भाची वडिलांसह आली. तिला सी.ए. व्हावयाचे आहे, हे निश्चित. प्रश्न एवढाच की पदवी कोणती घ्यावी, साधे बी.कॉम., बी.ए.एफ., की तिला मनापासून आवडणारा इतिहास घेऊन बी.ए.? मेहुण्यांनी मात्र या प्रश्नाचा निकाल घरूनच लावून आणला होता. हजेरीचा तगादा नसलेले एखादे महाविद्यालय पाहावे, तेथे पोरीचे नाव दप्तरी लावावे आणि सारा दिवस तिला क्लासच्या स्वाधीन करावे, असा त्यांचा रोखठोक बेत होता.

हिशेबाच्या विद्येने विद्यापीठाची पायरी चढल्याला फार काळ लोटलेला नाही. फर्द म्हणजे कागद आणि तो लिहिणारा फर्दनवीस, हे ज्या हुद्द्याचे मूळ, ती फडणिशी पेशवाईत वंशपरंपरेने चाले, आणि कीर्द, खतावणी, तेरीज ही सारी विद्या पोराने वडिलांच्या बैठकीशेजारी बसून आत्मसात करावी, अशी रीत असे. मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले ते 1913 साली, पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय 1943 साली; आणि 1949 च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली तरी उमेदवारीची ती जुनी चाल मोडली नाहीच, आर्टिकलशिप या नावाने ती आजही चालू आहे.

त्या संस्थेला पदवीच्या शाखेचे सोवळे फारसे नाही. पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला येणाऱ्या वाणिज्य पदवीधराकडे ती 55 टक्के गुण मागते आणि इतर शाखांच्या पदवीधराकडे 60. उंबरठा थोडा उंच, पण दार उघडे. वाणिज्य शाखेतले लेखाकर्म, कायदा, अर्थशास्त्र हे विषय पुढे पुन्हा भेटतात, त्यामुळे श्रम वाचतात, हे मी नाकारीत नाही.

परंतु माझ्या हाताखाली आलेल्या उमेदवारांपैकी ज्याची आठवण आजही ताजी आहे, तो इतिहास घेऊन बी.ए. झालेला होता. आरंभी जमा आणि नावे यांत त्याचा असा गोंधळ उडे की मी मनातल्या मनात त्याची रवानगी कधीच करून टाकली होती. पुढे कोकणातल्या एका कारखान्याची वर्षअखेरची तपासणी चालू असता, आम्ही सारे बेरजा जुळल्याच्या समाधानात चहाची वाट पाहत होतो, तेव्हा त्याने व्हाउचरांची एक चळत माझ्यापुढे ठेविली आणि अत्यंत संकोचाने विचारले, की एप्रिलपासून मार्चपर्यंतच्या या साऱ्या पावत्या एकाच शाईने, एकाच हाताने कशा काय लिहिल्या गेल्या, आणि कोकणातला सबंध पावसाळा काढूनही एप्रिलच्या टाचण्यांना गंजाचा लवलेश कसा नाही? बारा महिन्यांचा खर्च एका बैठकीत निर्माण झाला होता. अस्सल कागद आणि बनावट कागद यांची पारख तो मोडी दप्तरे चाळताना शिकला होता. बेरीज आम्ही त्याला नंतर शिकविली.

आणखी एक गोष्ट मेहुण्यांच्या हिशेबात धरलेली नव्हती. या परीक्षांत वर्षानुवर्षे अडकून अखेर वाट सोडणारी मुले थोडी नाहीत, आणि त्या दिवशी हाती उरते ती तेवढी पदवी; जिचे तास कधी ऐकले नाहीत, जिची पुस्तके कधी उघडली नाहीत, ती पदवी ताळेबंदात मालमत्ता म्हणून मांडावी तरी कशी? भाचीला मी एवढेच सांगितले की बी.कॉम. घे वा इतिहास घे, पण जे घेशील त्याच्या वर्गात जाऊन बैस.

तिचा चेहरा खुलला. मेहुण्यांनी माझे सारे भाषण शांतपणे ऐकून घेतले, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि विचारले, "ते सगळं ठीक आहे. पण इतिहासाला हजेरी किती लागते?"