लाल काड्यांचे झुडूप

इंग्लंडातला हिवाळा फार उदास असतो. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते, बहुतेक झाडे उघडीबोडकी होतात. अशा दिवसांत तिथल्या बागांतून एक झुडूप मात्र पेटल्यासारखे लाल दिसते. त्याचे नाव डॉगवूड. ही लाली फुलांची नव्हे, पाने गळालेल्या काड्यांची असते. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात खास हिवाळ्यासाठी केलेली बाग आहे, तिथेही या लाल काड्या आहेत.

एक जात सायबेरिया, उत्तर चीनकडची, दुसरी उत्तर अमेरिकेतली. आपल्याकडची उष्ण हवा त्यांना मानवणार नाही. परंतु ज्यांची लेक किंवा भाऊ तिकडे नोकरीनिमित्त राहतात, त्यांनी ही माहिती त्यांना जरूर कळवावी.

पुष्कळ जण हे झुडूप हौसेने लावतात आणि चार-पाच वर्षांनी तक्रार करतात, की रंग गेला. कारण साधे आहे. लाल रंग कोवळ्या काडीचा असतो. काडी जुनी झाली की तिची साल तपकिरी पडते. म्हणून छाटणीला भिऊ नये. लावल्यावर दोन वर्षे झुडूप वाढू द्यावे. त्यानंतर दर मार्चमध्ये, पालवी फुटण्यापूर्वी, सर्व काड्या जमिनीपासून तीन-चार बोटे ठेवून कापाव्यात. आपल्या द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीला गेलेल्या बायांना हे सांगायला नको. वेल बोडकी दिसते, पण नवी काडी त्यातूनच येते. झुडूप अशक्त असेल तर दर वर्षी एक तृतीयांश जुन्या काड्याच काढाव्यात. छाटणीनंतर बुंध्याशी कुजलेले खत घालावे.

जागा उन्हाची निवडावी. सावलीत रंग फिका पडतो. ओलसर जमीन चालते. दोन झुडपांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे.

रोपे विकत घ्यायलाच हवीत असेही नाही. आपण शेवग्याची फांदी रोवतो, तसेच हे. हिवाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर किंवा थोडी लांब काडी घ्यावी आणि दोन तृतीयांश मातीत रोवावी. वर्षभरात मुळे धरतात. शेजारणीकडे झुडूप असेल, तर तिने छाटून टाकलेल्या काड्याच मागाव्यात. एका झुडपाच्या काड्यांतून तीन-चार वर्षांत कुंपणभर लाली होईल, आणि तीही पैसा न खर्चता.