मनीचं औषध कोणी लिहून द्यायचं?

परवा देवनारच्या एक आजी रक्तदाब तपासायला आल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या मनीचं अंग गरम लागतंय. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली तर चालेल ना? दुकानदार चालेल म्हणाला."

आजी, अजिबात नाही! आपल्याला निर्धोक वाटणारी ही गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मांजराच्या यकृताला हे औषध नीट पचवता येत नाही आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. मी माणसांचा डॉक्टर. मनीचं औषध लिहून देण्याचा अधिकार मलाही नाही.

मग तो कोणाला आहे? भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाला. त्याची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची असते. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय हे शिक्षण १८८६ पासून देत आहे. पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविकाधारकांना राज्य सरकार लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी अशा किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

ब्रिटनमध्ये आणखी दोन पायऱ्या आहेत. तिथली प्राण्यांची नर्स रीतसर शिकून नोंदणी करते. ती पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून इंजेक्शन देते, भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवते. तरीही केवळ नर्सिंगच्या शिक्षणावर तिला औषध लिहून देता येत नाही. जंत, पिसवा यांच्यावरची ठराविक औषधं देण्यासाठी वेगळी पात्रता परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झालेली व्यक्ती, मग ती नर्स असो वा दुकानातली कर्मचारी, तेवढीच औषधं देऊ शकते. अँटिबायोटिक मात्र पशुवैद्यकच लिहितो.

मला ही विभागणी पटते. औषध देता येणं आणि औषध ठरवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. आपल्या रुग्णालयातली सिस्टर माझ्यापेक्षा सफाईने सुई टोचते, पण कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. यात कोणाचा कमीपणा नाही.

आपल्याकडेही प्रशिक्षित नर्स हव्यात, त्यांच्या कामाच्या मर्यादा स्पष्ट हव्यात. पशुवैद्यक वेळेवर मिळत नाही, म्हणूनच लोक दुकानदाराला विचारतात. नुसतं त्यांना रागावून काय होणार?

हा प्रश्न फक्त मनीचा नाही. म्हशीला अंदाजाने दिलेलं अँटिबायोटिक दुधात उतरतं. असं औषध दिल्यावर ठराविक दिवस दूध किंवा मांस वापरायचं नसतं. ते दिवस सांगणारा जाणकार हवा. देवनारच्या बाजारातून बकरा आणणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नाहीतर औषधाला न जुमानणारे जंतू उद्या माझ्याच दवाखान्यात, तुमच्या रूपाने येतील.

म्हणून एवढं करा:

- औषध लिहिणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान नाही.
- आपल्या घरातली गोळी प्राण्याला देऊ नका.
- कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं असतं.
- दुभत्या जनावराला औषध दिलं, तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे लिहून घ्या.

आजींना मी पशुवैद्यकाकडे पाठवलं. जाताना म्हणाल्या, "बरं झालं विचारलं." तुम्हीही आधी विचारा.