विलापानंतरचा सूर

एकदां सावरलेलें दुःख पुन्हा उफाळून आलें, म्हणजे माणसास आपल्याच धीराची शंका येऊं लागते. मागचें सावरणें खोटें होतें काय, असें त्यास वाटतें. या शंकेचें एक उत्तर आम्हांस युरोपीय संगीतांत आढळलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

बीथोव्हेन यानें पियानोसाठीं बत्तीस सोनाटा, म्हणजे निरनिराळ्या गतींच्या भागांच्या मोठ्या रचना, लिहिल्या. शेवटच्या तीन १८२० ते १८२२ या काळांतल्या. तेव्हां त्याची श्रवणशक्ति जवळजवळ गेली होती. १८२१ सालीं काविळीनेंही त्यास गांठलें. एकतिसाव्या सोनाटाच्या हस्तलिखितावर २५ डिसेंबर १८२१ ही तारीख आहे.

या सोनाटाच्या अखेरच्या भागांत प्रथम एक विलापगीत येतें. मग एकच स्वरावली अनेक आवाजांत एकामागून एक उमटत जाणारा ‘फ्यूग’ सुरू होतो आणि मन स्थिरावतें. इतक्यांत तोच विलाप परत येतो. या खेपेस मात्र तो तुटक, दम लागल्यासारखा. त्याच्या शेवटीं एकच स्वरसमूह दहा वेळां, उत्तरोत्तर चढत्या जोरानें वाजतो. फ्यूग पुन्हा सुरू होतो, पण स्वरावली उलटी होऊन: पूर्वीं जेथें चढ होता तेथें आतां उतार. हळूहळू पुन्हा जीव धरीत जावें, अशी सूचना कर्त्यानें तेथें लिहिली आहे. अखेरीस मूळ स्वरावली पूर्ण तेजानें प्रकटते.

आर्टुर श्नाबेल या पियानोवादकानें बीथोव्हेनच्या स्मृतिशताब्दीच्या सालीं, १९२७ त, बर्लिन येथें बत्तीसही सोनाटा वाजविल्या. १९३२ ते १९३५ या काळांत त्यानें लंडन येथें त्या सर्व तबकड्यांवर उतरविल्या. असा संपूर्ण संच पूर्वीं कोणीं केला नव्हता. तबकडीची बाजू चार-साडेचार मिनिटांत संपे, म्हणून सलग रचना तुकड्यातुकड्यांनीं वाजवावी लागे. कांहीं ठिकाणीं बोटें चुकलीं आहेत. त्या चुका तशाच राहिल्या. पण विलापाकडून फ्यूगकडे जातांना तो घाई करीत नाहीं, कीं रडव्या सुराचा अतिरेकही करीत नाहीं.

हें काम चालू असतांच, १९३३ सालीं, नाझी सत्तेमुळें या यहुदी कलावंतास जर्मनी सोडावी लागली. त्याची वृद्ध आई व्हिएन्नांत राहिली; १९४२ सालीं तिला टेरेझिनच्या बंदिवासांत नेण्यांत आलें व तेथेंच तिचा अंत झाला. श्नाबेल १९५१ त वारला, तोंपर्यंत त्याची संगीतसेवा चालूच होती.

दुःख परत आलें म्हणून आधींचें सावरणें खोटें ठरत नाहीं. दुसरें सावरणें मात्र पहिल्यासारखें नसतें, तें उलट्या वाटेनें यावें लागतें. या तबकड्यांचें वादन आज सहज ऐकावयास मिळतें. एखाद्या निवांत संध्याकाळीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून तें ऐकावें, आणि दुसरा विलाप सुरू झाला म्हणजे मध्येंच उठूं नये, एवढीच आमची विनंति आहे.