डॉक्टर कोणासाठी?

होळीच्या परिसरात लेकरू डॉक्टर झाले, की कृतज्ञतेची मिस्सा होते. दवाखाना मात्र स्टेशनजवळ थाटला जातो. आज आपल्याच पालघर जिल्ह्यात असलेल्या जव्हार तालुक्यात १९९२-९३ साली वावर-वांगणीची आदिवासी बालके कुपोषणाने दगावली, हे कोणाला आठवते? 'पोरांना रानात कसे धाडायचे?' असे आईबाप आम्हांला विचारतात. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य १९७० साली दुष्काळी जामखेडला गेलेच ना? खेड्यातल्या निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले! भारतीय बिशपांच्या बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयानेही पदवीला ग्रामसेवेची अट जोडली. मग धर्मग्रामाच्या निधीतून फी घेणाऱ्याकडे मोखाड्यातली दोन वर्षे मागण्यात जबरदस्ती कसली? येत्या धर्मग्राम परिषदेत आम्ही हीच अट मांडणार आहोत.