सूर्य गच्चीवर, अंधार घरात

'प्रधानमंत्री सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली आणि तेव्हापासून शहरांतील गच्च्यांना एकाएकी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. जेथे कालपर्यंत कुरडया-पापडांची वाळवणे, दूरचित्रवाणीच्या गंजलेल्या छत्र्या आणि टाकून दिलेल्या कुंड्या यांचाच संसार होता, तेथे आता निळ्याकाळ्या काचेची पाती दक्षिणेकडे तोंड करून सूर्याची आराधना करीत बसलेली दिसतात. देशातील एक कोटी घरांवर अशी पाती बसवावयाची, त्यासाठी ७५ हजार कोटी रुपयांहून थोडी अधिक रक्कम खर्चावयाची आणि तीन किलोवॅट वा त्यावरील संच बसविणाऱ्यास ७८ हजार रुपयांचे साहाय्य द्यावयाचे, असा हा संकल्प आहे. संकल्प मोठा आहे आणि चांगलाही आहे, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे आम्हांस जे म्हणावयाचे आहे त्यावरून आम्ही सौरविजेचे वैरी आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. आमचे भांडण आहे ते त्या 'मुफ्त' या शब्दाशी. सूर्य फुकट आहे, यात शंका नाही. परंतु पाती, इन्व्हर्टर, तारा, अर्थिंग यांतील काहीही फुकट नाही, आणि बॅटरी तर मुळीच नाही!

ही पाती ज्यांच्या घरांवर बसली त्यांतील पुष्कळांना एक गोष्ट लौकरच कळून चुकते, आणि ती कळते तेव्हा ते अवाक् होतात. दुपारचे बारा वाजले आहेत, डोक्यावर लखलखीत ऊन आहे, गच्चीवरची पाती तापून निघाली आहेत आणि कोपऱ्यावरचे रोहित्र बिघडल्यामुळे गल्लीतील वीज गेली आहे. शेजाऱ्याच्या घरातील पंखा थांबतो. तसाच सूर्यनारायणाच्या या नव्या यजमानाच्या घरातील पंखाही थांबतो. सूर्य गच्चीवर आणि अंधार घरात! लाखो रुपये मोजून हेच का आपण मिळविले, असे त्या गृहस्थाला वाटले तर त्यात नवल ते काय?

वस्तुतः यात यंत्राचा दोष नाही. सार्वजनिक वीजजाळ्याशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर त्या जाळ्याच्या तालावर, सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या लयीत, आपली वीज मिसळीत असतो. ताल देणाराच थांबला की त्यानेही थांबावयाचे, असा दंडक आहे आणि तो अत्यंत योग्य आहे. तो नसता तर तारा मृत आहेत असे समजून खांबावर चढलेला वायरमन कोणा सुखवस्तू माणसाच्या गच्चीवरील विजेने प्राणास मुकला असता. वीज गेल्यावरही घर चालू राहावे असे वाटत असेल तर त्या घराला जाळ्यापासून क्षणार्धात विलग होऊन स्वतःचे लहानसे बेट करता आले पाहिजे. त्यासाठी बॅटरी हवी आणि दोन्ही कामे करणारा 'हायब्रिड' इन्व्हर्टरही हवा. सरकारी साहाय्य मिळते ते पात्यांच्या किलोवॅटवर. बॅटरीसाठी त्यात वेगळी भर नाही. विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांत मात्र उजळलेले दिवे आणि हसरे कुटुंब दिसते. ही साधी गोष्ट ठळक अक्षरांत छापलेली आम्ही तरी पाहिलेली नाही. ग्राहकाची सही घेण्यापूर्वी, 'वीज गेल्यावर हा संच चालणार नाही' हे वाक्य मराठीत त्याच्यापुढे ठेवणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे, ही आमची पहिली मागणी.

बेट होणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना निराळे सांगावयास नको. बाहेरचे जाळे कोसळले तरी शहराने स्वतंत्रपणे आपल्या विजेवर तग धरावा, अशी मुंबईची व्यवस्था कित्येक वर्षे नावाजली गेली होती. १२ ऑक्टोबर २०२० या दिवशी ती अपुरी पडली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना आपापल्या जनित्रांचा आसरा घ्यावा लागला. त्याच्याही आधी, २०१२ च्या जुलैमध्ये, उत्तर आणि पूर्व भारतातील जाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले तेव्हा साठ कोटींहून अधिक लोक ज्या भागांत राहतात ते भाग अंधारात गेले होते. सबब, घरात थोडी वीज साठवून ठेवावी अशी इच्छा कोणास झाली तर ती चैन म्हणून हिणवता येणार नाही. ज्या घरात प्राणवायूच्या यंत्रावर अवलंबून असलेला वृद्ध आहे, तेथे ती गरजच आहे.

मात्र किती साठवावयाची? येथे आम्हांस आमच्या जुन्या व्यवसायातला खडू पुन्हा हातात घेणे भाग आहे. कारण किलोवॅट आणि युनिट यांचा घोटाळा चांगल्या पदवीधरांच्याही डोक्यात आढळतो. किलोवॅट म्हणजे नळाची धार; युनिट म्हणजे हंड्यात जमलेले पाणी. तीन किलोवॅटचा संच आपल्या महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. बॅटरी पाच युनिटांची असेल तर तो पाच युनिटांचा हंडा झाला. तीन-चार पंखे, बिनधुराचे ते एलईडी दिवे, फ्रिज आणि मुलांच्या अभ्यासाचे ते वायफाय एवढ्यावर हा हंडा रात्रभर पुरतो. दीड टनी वातानुकूलन यंत्र लावले तर चार तासांच्या आत तळ दिसू लागतो, आणि न्हाणीघरातील गीझर सुरू केला तर दोन-अडीच तासांत. नगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते म्हणून पिंपे भरून ठेवण्याची सवय ज्या समाजाच्या अंगी बाणली आहे, त्याला हे गणित अवघड वाटू नये. अवघड वाटते ते याचसाठी, की वीज भिंतीतून येते आणि ती कधी संपत नाही, अशी आमची समजूत झालेली आहे.

सौरवीज आणि बॅटरी घेऊन वर्ष-दोन वर्षे राहिलेल्या कुटुंबांत ही समजूत पार बदलते, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला हाच सर्वांत लोभस भाग आहे. अशा घरात धुण्याचे यंत्र रात्री लावीत नाहीत, अकरा वाजता लावतात. मिक्सर, इस्त्री, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढविणारा पंप ही सारी कामे उन्हाच्या वेळेत सरकतात. घरातील माणसे ढगांकडे पाहू लागतात. फेब्रुवारी-मार्चचे निरभ्र दिवस हे पात्यांचे सुगीचे दिवस असतात, हे त्यांना ठाऊक होते; मे महिन्यात ऊन अधिक असूनही काच आणि सिलिकॉन फार तापल्यामुळे उत्पन्न अपेक्षेइतके वाढत नाही, हेही उमगते. आषाढात मुसळधार लागून राहिली की एखाद्या दिवशी नेहमीच्या पंचमांशही वीज निघत नाही. पात्यांवर धूळ आणि कबुतरांची घाण साचली की आकडा खाली येतो, म्हणून पहाटे वा सायंकाळी पाती थंड असताना ती पुसावी लागतात. शेतकऱ्याला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते ते शहरातील कारकुनाला आता गच्चीवर कळू लागले आहे. विजेचे बिल वाचणारी माणसे आम्ही फार थोडी पाहिली होती. आता रोजचा आकडा वहीत टिपून ठेवणारी पाहतो.

तथापि, या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती इतकी लोभस नाही. २००५ नंतरच्या त्या भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील ग्रामीण भागाने बारा-बारा तास अंधार काढला. शहरातील मध्यमवर्गाने काय केले? त्याने इन्व्हर्टर आणला. बाल्कनीच्या कोपऱ्यात शिसे-आम्लाची बॅटरी बसली, दर काही महिन्यांनी तिला डिस्टिल्ड वॉटर पाजण्यात येऊ लागले, आणि वीज गेली तरी आमचा पंखा फिरू लागला. ती बॅटरी भरली जात होती त्याच तुटपुंज्या जाळ्यातून. जेवढी वीज ती घेई त्याहून कमी परत देई. म्हणजे तुटवड्यावरील आमच्या खासगी उपायाने सार्वजनिक तुटवडा वाढतच होता! पण आमचा पंखा फिरत होता, म्हणून आमचा आवाज बंद झाला. पाण्याला टँकर, शाळेला शिकवणी, रुग्णालयाला विमा आणि विजेला इन्व्हर्टर, असा आमचा क्रम आहे. सार्वजनिक व्यवस्था बिघडली की ती सुधारण्यासाठी भांडावयाचे सोडून तिच्यातून अंग काढून घेण्याची ही विद्या आम्हांला चांगली अवगत झाली आहे.

सौर संच आणि लिथियमची बॅटरी यांमुळे ही विद्या पूर्णत्वास जाण्याची भीती आहे. दक्षिण आफ्रिकेत २०२३ साली भारनियमनाने कळस गाठला तेव्हा ज्यांना परवडले त्यांनी पाती आणि बॅटऱ्या घेतल्या. पाकिस्तानात २०२४ या एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॅट क्षमतेची पाती आयात झाली. तेथील वीज महाग होती आणि बेभरवशाची होती, तेव्हा लोकांना दोष देता येत नाही. पण पैसेवाले ग्राहक निघून गेले की तारा, खांब, रोहित्रे आणि कर्जे यांचा बोजा उरलेल्यांवर पडतो, दर वाढतात, दर वाढले की आणखी काही निघून जातात. शेवटी जाळ्यात राहतात ते भाड्याच्या खोलीतले, चाळीतले, झोपडपट्टीतले. ज्यांच्या डोक्यावर स्वतःच्या मालकीची गच्ची नाही ते.

आपल्याकडे नेट मीटरची पद्धत आहे. दुपारी जाळ्यात घातलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट यांची घरगुती ग्राहकाला वजावट मिळते. ही सवलत आरंभी देणे शहाणपणाचे होते, कारण तिच्यावाचून कोणी गच्चीवर चढलेच नसते. पण तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दुपारच्या युनिटाची किंमत आणि रात्री आठच्या युनिटाची किंमत बाजारात एक नाही. २०२५ च्या आरंभी देशातील सौर क्षमतेने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. दुपारी वीज उदंड होते आणि दिवेलागणीला सारा देश एकदम बटणे दाबतो. केंद्र सरकारने २०२३ च्या जूनमध्ये नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांचा दर किमान २० टक्क्यांनी कमी आणि ओढीच्या वेळचा दर अधिक ठेवण्याचे धोरण आखले, ते यासाठीच. घाटघरच्या प्रकल्पात पाणी पंपाने वर चढवून ओढीच्या वेळी खाली सोडतात आणि २५० मेगावॅट वीज मिळवितात. तेच काम गावोगावच्या लहान बॅटऱ्या करू शकतील. गुजरातेतील मोढेरा या सूर्यमंदिराच्या गावी घरांवरील पात्यांच्या जोडीला गावासाठी सामाईक बॅटरी उभारण्यात आली आणि २०२२ साली ते गाव सौर ग्राम म्हणून जाहीर झाले. घरोघरी वेगळी बॅटरी असण्यापेक्षा रोहित्रापाशी सर्वांची एक असावी, हा विचार आम्हांस अधिक पटतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. घरगुती बॅटरीला सरकारने साहाय्य अवश्य द्यावे. पण ते वातानुकूलनापुरत्या मोठ्या बॅटरीला नव्हे, पंखे-दिवे-फ्रिज चालविणाऱ्या लहान बॅटरीला द्यावे, आणि संध्याकाळी जो ग्राहक साठवलेली वीज जाळ्याला देईल त्याला त्या वेळचा चढा भाव मिळावा. याच्या उलट, बिलावरील स्थिर आकार पाहून सौर संचाचे मालक जी ओरड करतात तिला आमचा पाठिंबा नाही. पावसाळ्यातल्या सलग आठ अंधाऱ्या दिवसांत ज्या तारांवर आपण विसंबतो त्या तारांचे भाडे उरलेल्या दहा महिन्यांतही द्यावयास नको काय? हे मत आमच्या वाचकांतील पुष्कळांना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

शिवाय शहरातील बहुसंख्य वाचक सदनिकांत राहतात, आणि गच्ची कोणाची हा तंटा सौरविजेच्या फार आधीचा आहे. वरच्या मजल्यावरील दोघांनी आपापली पाती बसवून गच्ची अडवावयाची आणि खालच्यांनी नुसती मान वर करून पाहावयाचे, हे चालू देता कामा नये. सहकारी गृहरचना संस्थांना उद्वाहन, पंप, जिन्यांतील दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे साहाय्य याच योजनेत आहे, आणि त्याची मर्यादा तब्बल ५०० किलोवॅटपर्यंत आहे. किती संस्थांच्या वार्षिक सभांत हा विषय निघाला? वाहनतळाच्या रेघांवरून रात्री बारापर्यंत भांडणाऱ्या सभासदांनी यासाठी अर्धा तास द्यावयास हरकत नाही. एका सामाईक संचाची वीज सदनिकांच्या बिलांत वाटून देण्याची सोय दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ सालीच केली होती. ज्यांच्या वाट्याला गच्ची नाही अशांना न्याय देण्याचा तोच मार्ग आहे.

राहता राहिला प्रश्न बॅटरी ठेवावयाची कोठे, आणि ती संपल्यावर टाकावयाची कोठे. लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी हजारो वेळा भरता-रिकामी करता येते आणि लिथियमच्या इतर काही प्रकारांहून ती आगीच्या दृष्टीने सुरक्षितही आहे. तरीही ती जिन्याखाली, म्हणजे आग लागल्यास पळण्याच्या एकमेव वाटेवर, बसविण्याची जी पद्धत पडली आहे ती ताबडतोब थांबली पाहिजे. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाल्याला वजनावर विकली जाते आणि मग कोणत्या वस्तीत, कोणाच्या मुलांच्या शेजारी ती फोडली जाते, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शहरातील प्रत्येक विभागात एक संकलन केंद्र महानगरपालिकेने उघडावे, त्याचा पत्ता बॅटरीच्या पावतीवर छापलेला असावा, आणि बॅटरी तेथे जमा केल्याची पोच दाखविल्याखेरीज नव्या बॅटरीवर सवलत मिळू नये.